‘सेटल्ड’ लिहिण्याआधी व्हिसा विचारा : बडोद्यातील वधू-वर सूचक मंडळांना खुले पत्र

प्रति,
बडोदे शहरातील मराठी वधू-वर सूचक मंडळांचे सर्व पदाधिकारी,
तसेच ज्यांची मुले-मुली परदेशात नोकरी करीत आहेत असे सर्व पालक

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या घरी, त्यांच्या मुलीसाठी आलेल्या परिचयपत्रिका चाळण्याचा प्रसंग आला. सर्व पत्रिका आपल्याच शहरातील एका मंडळाच्या छापील नमुन्यावर भरलेल्या होत्या. गोत्र, उंची, शिक्षण, वार्षिक उत्पन्न हे रकाने ओळखीचेच होते. शेवटी ‘परदेशी असल्यास देश’ आणि त्याखाली ‘स्वतःचे घर : आहे / नाही’ असेही दोन रकाने होते. अमेरिकेतील सात मुलांपैकी पाच जणांनी ‘आहे’ या शब्दावर खूण केली होती आणि मुलीच्या आईने नेमक्या त्याच पाच पत्रिका पसंतीच्या म्हणून बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या सातांपैकी कोण कोणत्या व्हिसावर आहे, हे मात्र एकाही पत्रिकेत नव्हते, कारण नमुन्यात तसा रकानाच नाही. हे पत्र त्या न छापलेल्या रकान्याविषयी आहे.

माझ्याविषयी एवढेच सांगतो, की मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांपैकी शेवटची बारा वर्षे गृहकर्ज विभागात काढली. बडोद्याबाहेर, साता समुद्रापलीकडे नोकरी करणाऱ्या आणि इथे मांजलपूर, गोत्री किंवा अलकापुरीत फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या अनेकांच्या फाइली माझ्या टेबलावरून गेल्या. अशा फाइलीत पासपोर्ट, नोकरीचा करार आणि व्हिसाची प्रत असावीच लागते, आणि त्या प्रतीवरची मुदत पाहिल्याशिवाय मी एकाही कागदावर सही केली नाही. तोच मी, माझ्या मुलाने टेक्सासमध्ये घर घ्यावे म्हणून त्याच्या मागे लागलो तेव्हा त्याला एकदाही विचारले नाही, की बाळा, तुझ्या व्हिसाची मुदत कधी संपते? हा दोष मी आधी माझ्या पदरात घेतो आणि मगच आपल्यापुढे मागणे मांडतो.

आमचा मुलगा येथील अभियांत्रिकीची पदवी घेऊन २०१६ मध्ये एम.एस. करण्यासाठी गेला आणि २०१९ च्या ऑक्टोबरपासून एच-१बी व्हिसावर, म्हणजे कंपनीच्या अर्जावर मिळणाऱ्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, नोकरी करू लागला. २०२१ मध्ये त्याच्यासाठी स्थळे पाहू लागलो, तेव्हा दोन ठिकाणांहून नकार आला तो ‘मुलगा अजून भाड्याच्या घरात राहतो’ या कारणाने. आम्ही दोघांनी मग दर रविवारच्या फोनवर घराचा विषय लावून धरला. २०२२ च्या जूनमध्ये त्याने डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात तीन खोल्यांचे घर घेतले, तीस वर्षांच्या कर्जावर, सव्वापाच टक्के व्याजाने. सुरुवातीच्या रकमेत माझ्या ग्रॅच्युइटीतील पंधरा लाख रुपये होते. ते पाठवताना सात लाखांवरच्या रकमेवर पाच टक्के कर बँकेने कापून घेतला, जो पुढे विवरणपत्रात वळता झाला; आणि तिकडच्या कर्ज कंपनीला मी सही करून पत्र दिले, की ही रक्कम भेट आहे, कर्ज नव्हे, आणि ती मी कधीही परत मागणार नाही. वास्तुशांत झाली ती रावपुऱ्यातल्या गुरुजींनी आमच्या दिवाणखान्यातून व्हिडिओ कॉलवर सांगितली तशी. डिसेंबरात लग्न झाले. परिचयपत्रिकेच्या भाषेत आमचा मुलगा ‘सेटल्ड’ झाला.

२०२४ च्या जानेवारीत त्याच्या कंपनीने एका सकाळी अनेकांना कामावरून कमी केले, त्यांत तो होता. एच-१बीवरील माणसाची नोकरी सुटली, की त्याला तिथे राहण्यासाठी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि त्याच्या मुक्कामाची परवानगी त्याआधीच संपत असेल तर तेवढेही मिळत नाहीत. या दिवसांत दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज दाखल करावा, त्याने स्वतः अन्य प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करावा, किंवा देश सोडावा. सूनबाईंनी त्या दिवशी फ्रिजवर हाताने आखलेला साठ चौकटींचा एक कागद लावला आणि रोज रात्री भांडी आवरल्यावर त्या एक चौकट खोडत असत. हे आम्हाला फार उशिरा कळले, कारण त्या दोन महिन्यांत दोघेही आमच्याशी फोनवर हवापाण्याच्या गोष्टी बोलत होते. एक्कावन्नाव्या दिवशी मिनेसोटातील एका कंपनीने अर्ज दाखल केला. पगार आधीपेक्षा कमी होता, काम त्याच्या आवडीचे नव्हते आणि गाव दीड हजार किलोमीटर दूर होते. निवड करायला वेळ असलेल्या माणसाने ती नोकरी घेतली नसती.

घर मात्र टेक्सासमध्येच होते. मार्च ते सप्टेंबर असे सात महिने मुलाने टेक्सासच्या घराचा हप्ता आणि मिनेसोटातले भाडे दोन्ही भरले. टेक्सासच्या अनेक भागांत मालमत्ता कर वर्षाला घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतो, तोही चालूच राहिला. घर विकायला काढले तेव्हा फोटो घेण्यासाठी आलेल्या दलाल बाईंनी अगदी सौजन्याने सुचवले, की दारावरचे तोरण, कोटांच्या कपाटात केलेला देव्हारा आणि उंबऱ्यावरचे हे लाल-पिवळे डाग काढले तर बरे होईल. ते डाग म्हणजे सूनबाईंच्या गृहप्रवेशाच्या वेळची हळद-कुंकवाची बोटे होती. लाकडात मुरलेली हळद पुसून निघेना, तेव्हा सुनेने बडोद्यास फोन करून सासूला विचारले, की हे घासून काढायला काय वापरू? माझ्या पत्नीने ‘लिंबू आणि मीठ’ एवढेच उत्तर दिले आणि फोन माझ्या हातात दिला. घर घेतले त्याच किमतीच्या आसपास विकले गेले, परंतु दलाली, कागदपत्रांचा खर्च आणि सात महिन्यांचे दुहेरी ओझे यांत सुरुवातीला घातलेली बहुतेक रक्कम संपली.

मी ही हकीकत सहानुभूतीसाठी लिहिलेली नाही; आमच्यापेक्षा अधिक सोसलेली घरे याच शहरात आहेत आणि आमचा मुलगा आज नोकरीत आहे. मला यातून जी गोष्ट कळली ती बँकेच्या भाषेत अशी मांडता येईल, की घराचे खरेदीखत मुलाच्या नावावर असते, पण त्या घरात राहण्याची परवानगी कंपनीने केलेल्या अर्जावर असते. अमेरिकेत परदेशी माणसाला घर विकत घेता येते. व्हिसावरच्या माणसाला तिथल्या नेहमीच्या कर्ज कंपन्या रीतसर कागदपत्रे पाहून तीस वर्षांचे कर्जही देतात. मात्र घर घेतल्याने तिथे राहण्याचा एका दिवसाचाही हक्क उत्पन्न होत नाही. इथे आपण कर्जाची मुदत ठरवताना कर्जदार निवृत्त कधी होणार हे पाहतो, कारण त्यानंतर हप्ता कुठून येणार हा प्रश्न असतो. तिथे कर्ज तीस वर्षांचे आणि व्हिसा एका वेळी तीन वर्षांचा, हा मेळ कोणी घालायचा तो कर्जदाराने स्वतःच घालायचा असतो.

हे असे का आहे, हे पालकांनी थोडे समजून घेतले पाहिजे. एच-१बी हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० एवढी त्याची मर्यादा आहे, आणि अर्ज त्याहून कितीतरी अधिक येत असल्याने निवड सोडतीने होते. सोडतीत नाव निघाले तरी मुदत तीन वर्षांची, पुढे आणखी तीन. सहा वर्षांनंतर राहायचे असेल तर कंपनीने ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, प्रक्रिया वेळेत सुरू केलेली असावी लागते. त्या प्रक्रियेत आधी श्रम खात्याचे प्रमाणपत्र, मग कंपनीने करायचा आय-१४० नावाचा अर्ज, आणि मग रांग. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक येत नाहीत. हा नियम लोकसंख्या पाहत नाही. त्यामुळे लहानशा देशातून आलेल्या सहकाऱ्याला काही वर्षांत जे मिळते त्यासाठी भारतात जन्मलेला अभियंता दशकाहून अधिक काळ थांबतो, आणि तिथे आपल्याबरोबर नेलेली मुले एकवीस वर्षांची झाली, की आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात.

या रांगेचा नोकरीवर होणारा परिणाम पगाराच्या आकड्यात दिसत नाही. नोकरी बदलता येते, परंतु नव्या कंपनीने अर्ज करावा लागतो. आणि आय-१४० मंजूर होण्याआधी नोकरी सुटली, तर ग्रीन कार्डाची प्रक्रिया पहिल्या पायरीपासून सुरू होते. आमच्या मुलाचे तेच झाले. जुन्या कंपनीने सुरू केलेले श्रम खात्याचे काम अर्ध्यात संपले आणि नव्या कंपनीने ते नव्याने हाती घेतले. मंजुरी मिळालेली असेल तर रांगेतील जुनी तारीख सर्वसाधारणपणे टिकते, म्हणूनच ‘तुझा आय-१४० मंजूर झाला का?’ हा प्रश्न ‘पॅकेज किती?’ या प्रश्नापेक्षा मोलाचा आहे. मुलाचे काही मित्र बढती नाकारतात, कारण पद बदलले तर अर्जात लिहिलेले काम आणि प्रत्यक्ष काम यांत फरक पडेल अशी त्यांना धास्ती असते. गुणवान माणसाने वर चढण्याची संधी स्वतःहून सोडावी, हे मला फार अन्यायाचे वाटते. त्यातच २०२५ च्या सप्टेंबरमध्ये निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या व्यक्तीसाठी कंपनीने नवा एच-१बी अर्ज केल्यास १,००,००० डॉलर भरण्याची अट घातली. म्हणजे साठ दिवसांत नोकरी न मिळाल्यामुळे बडोद्यास परतलेल्या आणि व्हिसाची मुदत संपलेल्या मुलाला पुन्हा बोलावून घेणे कोणत्याही साधारण कंपनीला किती जड जाईल, याचा हिशेब कोणालाही करता येईल.

आता मंडळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब, आणि तिच्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. एच-१बीवरील मुलाशी लग्न करून जाणारी मुलगी एच-४ व्हिसावर जाते, आणि एच-४वर तिला नोकरी करता येत नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून अशा पत्नींना कामाचा परवाना मिळू लागला, पण तोही सामान्यतः पतीचा आय-१४० मंजूर झालेला असेल तरच. आमची सून सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एससी. आहे आणि लग्नाआधी पाच वर्षे येथील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करत होती. सकाळी सातची कंपनीची बस पकडणारी, स्वतःच्या पगारातून धाकट्या भावाची फी भरणारी ही मुलगी टेक्सासला गेली आणि तीन वर्षे तिच्या शिक्षणाचा कोणाला उपयोग झाला नाही. आम्ही तिला घर दाखवले होते, फोटोंसह, खोल्यांच्या मापांसह. तिला नोकरी करता येणार नाही हे आम्ही लपवले नव्हते, कारण ते आम्हालाही ठाऊक नव्हते. पण ठाऊक नसणे ही आमची चूक होती. यंदा पतीचा आय-१४० मंजूर झाला आणि आता ती परवान्याची वाट पाहत आहे. तो परवाना मिळाल्यावरही नूतनीकरण वेळेत झाले नाही तर हातातली नोकरी थांबते, कारण जुना परवाना आपोआप वाढण्याची जी सवलत होती ती २०२५ च्या ऑक्टोबरअखेरपासून नव्या अर्जांसाठी काढून घेतली गेली आहे.

याउलट, कंपनीने बदली म्हणून एल-१ व्हिसावर पाठवलेल्या मुलाच्या पत्नीला तिथे काम करता येते. मात्र त्या मुलाला स्वतःला ती कंपनी सोडून दुसरीकडे जाता येत नाही. शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, असलेल्या मुलाला नोकरीशिवाय एकूण नव्वद दिवस, आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांची वाढीव मुदत घेतली असल्यास एकूण दीडशे दिवस चालतात. ग्रीन कार्ड असलेल्याला यातले काहीच लागू नाही. परिचयपत्रिकेत हे चौघेही ‘अमेरिकेत नोकरी’ या एकाच ओळीत येतात. उद्या बँकेत एखाद्याने कायम नोकरदार, कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार आणि निवृत्तिवेतनधारक यांचे अर्ज एकाच गठ्ठ्यात बांधले, तर त्याला आपण काय म्हणू?

घराच्या बाबतीतही नियम स्थिर नाहीत. सरकारी विम्याचे आधार असलेले, केवळ साडेतीन टक्के रक्कम भरून मिळणारे एफएचए प्रकारचे कर्ज पूर्वी व्हिसाधारकांनाही मिळत असे. २०२५ च्या २५ मेपासून ते कायम रहिवासी नसलेल्यांना बंद झाले. इतर कर्जे मिळतात, पण सुरुवातीची रक्कम वीस टक्क्यांहून कमी असेल तर वेगळा विमा भरावा लागतो, आणि मग ती वीस टक्के पुरी करण्यासाठी इथल्या आई-वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीकडे डोळे लागतात. मुलगा कायमचा परतला आणि करदृष्ट्या तिथला रहिवासी राहिला नाही, अशा वेळी घर विकले तर काही अपवाद वगळता खरेदीदाराने किमतीच्या पंधरा टक्के रक्कम कापून तिथल्या कर खात्याकडे भरायची असते. ती पुढे विवरणपत्र भरून सोडवून घ्यावी लागते. इतर देशांचे थोडक्यात सांगतो, कारण आपल्या शहरातून तिकडेही मुले मोठ्या संख्येने जातात. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी नागरिकांच्या घरखरेदीवर बंदी घातली आहे आणि ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. कामाच्या परवान्याचे किमान १८३ दिवस शिल्लक असलेल्याला एक घर घेता येते. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी तात्पुरत्या रहिवाशांना जुने, वापरलेले घर घेण्यास मनाई केली आहे. मात्र नोकरी सुटल्यावर त्याच ऑस्ट्रेलियात कंपनी-प्रायोजित व्हिसाधारकाला नवा मालक शोधण्यासाठी एका वेळी १८० दिवस मिळतात, अमेरिकेच्या तिप्पट.

यावरून माझी आपणास विनंती अशी, की परिचयपत्रिकेतील ‘परदेशात स्वतःचे घर’ हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी व्हिसाचा प्रकार, त्या व्हिसावरील पहिले वर्ष, ग्रीन कार्डाची प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आहे आणि लग्नानंतर जोडीदारास तिथे नोकरी करता येईल की नाही, एवढी माहिती विचारावी. ती भरणे ऐच्छिक असावे आणि पत्रिका सरसकट वाटताना ती छापू नये. दोन्ही घरे पुढे बोलायला तयार झाली, की मंडळाने ती एकमेकांस द्यावी. परिचय मेळाव्यात सत्काराच्या भाषणांना जो वेळ जातो त्यातला अर्धा तास या विषयाच्या जाणकाराला द्यावा. व्हिसाचे कागद कसे वाचायचे, हे शिकवणे अवघड नाही. आपल्यातल्या बहुतेक पालकांनी मुलाचा पासपोर्ट दहा वेळा हाताळलेला असतो, पण त्यावर चिकटवलेल्या व्हिसाची ओळ कोणी वाचलेली नसते.

काही पदाधिकाऱ्यांशी याविषयी बोललो तेव्हा एक आक्षेप आला आणि तो रास्त आहे. असा रकाना आला, तर उद्या एच-१बी लिहिलेली पत्रिका आई-बाप बघणारच नाहीत आणि आज जशी भाड्याच्या घरावरून नावे वगळली जातात तशी उद्या व्हिसावरून वगळली जातील. ही भीती मलाही आहे. म्हणूनच मंडळांनी पत्रिकेबरोबर एक साधे पान जोडावे, ज्यात एच-१बी म्हणजे काय, साठ दिवस म्हणजे काय आणि रांग म्हणजे काय हे लिहिलेले असेल, आणि हेही लिहिलेले असेल, की भारतात जन्मलेल्या हजारो कर्तबगार मुलामुलींची हीच स्थिती आहे, त्यात त्यांचा काही कमीपणा नाही. मुलीकडच्यांनी माहिती मागावी ती नाकारण्यासाठी नव्हे, तर तीन वर्षे नोकरी करता येणार नसेल तर त्या काळात ती काय शिकेल, पैसे कोणाच्या खात्यात असतील आणि परत यावे लागले तर दोघे कुठे राहतील, हे लग्नाआधी दोघांनी समोरासमोर बसून ठरवण्यासाठी.

आणि पालकांना माझे हात जोडून सांगणे आहे. आपला मुलगा किंवा मुलगी भाड्याच्या घरात राहते हे चारचौघांत सांगताना आवाज खाली जाऊ देऊ नका. ज्याला साठ दिवसांच्या सूचनेवर राज्य किंवा देश बदलावा लागू शकतो, त्याने भाड्याने राहणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. त्यांना घर घ्यायचे असेल तर ते घेतील, त्यांच्याजवळ सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलेला असेल आणि नोकरी गेल्यास ते घर भाड्याने देता येईल असा हिशेब मांडलेला असेल तेव्हा. लग्न जमावे म्हणून नव्हे. भेटपत्रावर सही करण्याआधी ते नीट वाचा, कारण त्यावर सही केलेली रक्कम परत मागता येत नाही, आणि आपल्या म्हातारपणाच्या औषधपाण्याचे पैसे त्यात जाऊ देऊ नका. नोकरी सुटून कोणाचा मुलगा परत आला तर ‘का परत आला?’ हा प्रश्न सोसायटीच्या गेटवर त्याच्या आईला विचारू नका.

येत्या परिचय मेळाव्यासाठी पत्रिकांचे नमुने छपाईला जाण्यापूर्वी हा बदल व्हावा, अशी माझी इच्छा आहे. सुधारित नमुन्याचा आणि जोडपानाचा मराठी मसुदा मी तयार केला असून तो शहरातील मंडळांच्या कार्यालयांत येत्या आठवड्यात हातपोच देईन. कोणाही पालकाला मुलाचे किंवा मुलीचे व्हिसाचे कागद, कर्जाचा करार अथवा भेटपत्र समजून घ्यायचे असेल, तर मंडळाने सांगितलेल्या दिवशी कार्यालयात बसून ते वाचून दाखवण्यास मी विनामूल्य तयार आहे. कायद्याचा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. पण कोणत्या कागदावर कोणती तारीख पाहायची, हे मी नक्की सांगू शकतो.

आपला नम्र,
बडोद्यातील एक निवृत्त बँक अधिकारी आणि परदेशस्थ मुलाचा पिता